थोडे सरकून पाहणे : मिठागराचा बांध, खेळातला किनारा आणि कलनशास्त्र

मीरा-भाईंदर परिसरात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवताना पालकांच्या दोन तक्रारी मला बहुधा एकत्रच ऐकू येतात. पहिली, मुलगा मोबाईलवरचा खेळ खाली ठेवत नाही. दुसरी, ‘कॅल्क्युलस’ त्याच्या डोक्यात शिरत नाही. यातली दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. दहावीपर्यंत मराठीतून गणित उत्तम करणारी कितीतरी मुले पुढे इंग्रजी पाठ्यपुस्तकातील या एका प्रकरणाचा धसका घेतात, विषयच सोडून देतात आणि त्यासोबत पुढच्या अनेक वाटाही सोडतात. म्हणून शाळेच्या या स्मरणिकेत, आपल्या माजी विद्यार्थ्यांशी व पालकांशी बोलण्याची संधी मिळाली असताना, या विषयाचे मर्म आपल्या भाषेत आणि आपल्या परिसरातील उदाहरणांनी मांडावे असे वाटले.

कॅल्क्युलसला मराठीत कलनशास्त्र म्हणतात. त्याच्या पहिल्या भागाचा, म्हणजे अवकलनाचा, प्रश्न अगदी साधा आहे : एक राशी किंचित बदलली, तर तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी राशी किती वेगाने बदलते? घोडबंदरच्या किल्ल्याची टेकडी चढताना प्रत्येक पावलागणिक उंची वाढते. माथा ओलांडल्यावर ती घटू लागते. नेमक्या माथ्यावर मात्र एक इंचभर पुढे-मागे झाल्याने उंचीत जवळजवळ फरक पडत नाही. तेथे बदलाचा वेग शून्य असतो. ‘सर्वांत मोठे’ किंवा ‘सर्वांत लहान’ शोधण्याची युक्ती यातच आहे : बदलाचा वेग कोठे शून्य होतो ते पाहावे.

आता भूमितीचे एक उदाहरण घेऊ. लोकलने भाईंदरकडे येताना दिसणारी मिठागरे आपल्या परिचयाची आहेत. समजा, खाडीच्या सरळ काठाला लागून एक आयताकृती आगर आखायचे आहे. काठाची बाजू तयारच आहे. उरलेल्या तीन बाजूंना मिळून 120 मीटर बांध घालता येतो. क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवे, तर बांध कसा घालावा?

काठाला काटकोनात असलेल्या दोन बाजू प्रत्येकी 20 मीटर ठेवल्या, तर समोरची बाजू 80 मीटर होते आणि क्षेत्रफळ 1600 चौरस मीटर. त्या 40 मीटर केल्या, तर चौरस होतो. क्षेत्रफळ पुन्हा 1600च. आता थोडे सरकून पाहू. 20ऐवजी 21 घेतले, तर क्षेत्रफळ 38ने वाढते. 40ऐवजी 41 घेतले, तर 42ने घटते. म्हणजे माथा मध्ये कोठेतरी आहे. बाजू क्ष मानली, तर क्षेत्रफळ 120क्ष वजा 2क्ष² होते आणि त्याच्या बदलाचा वेग 120 वजा 4क्ष. तो शून्य केला की क्ष बरोबर 30 मिळतो. तेव्हा 30 गुणिले 60, म्हणजे 1800 चौरस मीटर. येथे 29 घ्या किंवा 31, क्षेत्रफळ 1798 भरते. एका मीटरची चूक केवळ दोन चौरस मीटरची!

हाच विचार मोबाईलवरील खेळात कसा उतरतो ते पाहू. ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’सारख्या खेळांत अनेक खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ टप्प्याटप्प्याने आकुंचन पावते आणि वेळेत आत न पोहोचणारा बाद होत जातो. पाण्यातली गती जमिनीवरच्या गतीपेक्षा कमी असते. हिशेबाच्या सोयीसाठी मानू, की खेळाडू सरळ किनाऱ्यापासून 30 मीटर आत पाण्यात आहे आणि त्याच्या अगदी समोरच्या किनाऱ्यावरील जागेपासून 100 मीटर अंतरावर, काठावरच, सुरक्षित स्थान आहे. पोहण्याचा वेग सेकंदाला 3 मीटर, धावण्याचा 5 मीटर.

थेट त्या स्थानाकडे पोहत गेल्यास सुमारे 34.8 सेकंद लागतात. बहुतेक मुले अनुभवाने शिकतात की आधी सरळ किनारा गाठावा आणि मग धावावे. त्याला 30 सेकंद लागतात. मात्र अवकलनाने उत्तर निघते, की समोरच्या जागेपासून 22.5 मीटर पुढे, तिरके पोहून किनाऱ्याला लागावे. मग पोहण्यास 12.5 आणि धावण्यास 15.5, असे एकूण 28 सेकंद पुरतात. उत्तम मार्ग दोन टोकांच्या मध्ये आहे. परंतु तो बरोबर मध्यावर नाही. तो कोठे असावा हे दोन वेगांचे गुणोत्तर ठरवते.

या उत्तरात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. सुरक्षित स्थान 100 मीटरऐवजी 300 मीटरवर असले, तरी किनाऱ्याला लागण्याची जागा तीच राहते. दुसरे असे, की 22.5ऐवजी 20 मीटरवर किनारा गाठला, तरी सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग वाया जातो. प्रकाशकिरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, त्याचे गणितही हेच आहे. प्रकाश कमीत कमी वेळाचा मार्ग घेतो, हे तत्त्व सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने मांडले.

आकुंचन पावणाऱ्या वर्तुळाकडेही याच नजरेने पाहता येते. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ एक चतुर्थांश उरते. खेळाडू तेवढेच राहिले, तर गर्दी चौपट होते. त्रिज्या 200 मीटर असताना ती एक मीटरने घटली, तर सुमारे 1 टक्का जागा जाते. 50 मीटर असताना तोच एक मीटर सुमारे 4 टक्के जागा नेतो. म्हणून मोक्याची जागा आधीच धरणारा शहाणा ठरतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे अवकलन केले की परिघाचे सूत्र मिळते, कारण आकुंचन पावणारे वर्तुळ आपल्या कडेचीच पातळ साल टाकत असते. गोलाच्या घनफळाचे अवकलन केले की त्याच रीतीने पृष्ठफळ मिळते.

हा विचार आपल्या मातीला परका नाही. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्यात ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या क्षणाच्या गतीचा, विचार आहे. ग्रहाच्या स्थानातील दुरुस्ती जेथे महत्तम असते, तेथे त्या दुरुस्तीतील बदल शून्य होतो, हेही त्यांनी ओळखले होते. गोलाचे पृष्ठफळ काढण्यासाठी त्यांनी गोलाच्या आवळ्यासारख्या फाका कल्पिल्या. चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. न्यूटन व लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कलनशास्त्राला सर्वसाधारण पद्धतीचे रूप दिले.

तथापि, खेळल्याने गणित येते असा याचा अर्थ कोणी काढू नये. हजार वेळा पोहून किनारा गाठणाऱ्याला ‘साधारण तिरके जावे’ एवढेच कळते. किती तिरके आणि का, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. खेळ प्रश्न देतो, उत्तराचे कारण देत नाही. पण ज्याने तो प्रश्न बोटांनी सोडवला आहे, त्याला तो पेन्सिलीने सोडवायला बसवणे तुलनेने सोपे असते. माझ्या वर्गात फळ्यावर किनाऱ्याची रेघ ओढताच मागच्या बाकावरची मुले पुढे झुकतात, हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

म्हणून पालकांना विनंती आहे, की मोबाईल काढून घेण्यापूर्वी एकदा मुलाला त्याच्या खेळातील वर्तुळ कागदावर काढायला सांगावे. आणि अभियांत्रिकी, वास्तुकला, बँक, शेती अशा क्षेत्रांत पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांना विनंती, की शाळेत याल तेव्हा भेटवस्तूसोबत आपल्या कामातील एक ‘जास्तीत जास्त’ किंवा ‘कमीत कमी’चा प्रश्न घेऊन या, आणि वसतिगृहातील मुलांसोबत तो मराठीत सोडवा. अवघड शब्द पुस्तकात भेटण्याआधी त्यांचा अर्थ ओळखीचा झाला, तर एखादे मूल तरी गणित सोडणार नाही.