जलवायुमान बदल : निश्चिततेचा प्रश्न

मानवी व्यवहारांमुळे पृथ्वीचे जलवायुमान बदलत आहे, हा निष्कर्ष कितपत खात्रीचा आहे, याविषयीचा शास्त्रीय व सार्वजनिक वाद. त्यात ‘अनिश्चितता’ ही संज्ञा दोन अर्थांनी येते. व्यवहारात ती अज्ञानाची वाचक आहे. शास्त्रात मात्र एखादे मापन वा अनुमान कोणत्या मर्यादांमध्ये ग्राह्य आहे, हे तिच्यामुळे कळते. वादातील बराच गोंधळ या अर्थभेदातून उद्‌भवतो.

विषयाचा भौतिकीय पाया जुना आहे. जलबाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू उष्णतेचे प्रारण शोषून घेतात, असे जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांनी दाखविले. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याचे गणित स्वांटे आरेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये या वायूचे सलग मापन सुरू केले. तेव्हा त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत सु. ३१५ होते, २०२३ मध्ये ते ४२० हून अधिक भरले.

तापमान वाढेल की नाही यापेक्षा किती वाढेल, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कार्बन डाय-ऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी वाढ अमेरिकेतील चार्नी समितीने १९७९ मध्ये १·५° ते ४·५° से. इतकी अंदाजली. खालचे ढग सूर्यप्रकाश परावर्तित करतात, तर उंचावरील विरळ ढग उष्णता अडवितात. तापमानवाढीबरोबर ढगांत होणारे बदल वर्तविणे कठीण असल्याने ही कक्षा दीर्घकाळ रुंद राहिली. २०२१ मध्ये तिची संभाव्य मर्यादा २·५° ते ४° से. अशी ठरविण्यात आली.

जलवायुमान बदलविषयक आंतरशासकीय मंडळ (आयपीसीसी) १९८८ मध्ये स्थापन झाले. आढळलेली तापमानवाढ नैसर्गिक चढउतारांमुळेही झालेली असू शकेल, असे त्याच्या १९९० च्या अहवालात नमूद होते. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतांश तापमानवाढ मानवनिर्मित वायूंमुळे असण्याची शक्यता २००१ मध्ये ‘संभाव्य’ व २००७ मध्ये ‘अतिसंभाव्य’ (९० टक्क्यांहून अधिक) मानली गेली. मानवी प्रभावाने वातावरण, महासागर व भूमी तापली आहेत हे निःसंदिग्ध होय, असे २०२१ च्या अहवालाने म्हटले. मात्र सर्वच विधानांना सारखी खात्री नसते. एखाद्या प्रदेशातील पर्जन्यमानाविषयीची अनुमाने जागतिक तापमानाविषयीच्या अनुमानांहून कमी विश्वसनीय असतात. चुकाही घडल्या आहेत. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होण्याची शक्यता फार मोठी आहे, हे २००७ च्या अहवालातील विधान निराधार ठरल्याने मंडळाने जानेवारी २०१० मध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. तथापि त्यामुळे मूळ निष्कर्षाला बाध आला नाही.

अनिश्चितता दोन्ही बाजूंनी असते : परिणाम अपेक्षेहून सौम्य, तसेच अधिक तीव्रही ठरू शकतात. म्हणून ती स्वस्थ राहण्याचे समर्थन ठरत नाही. गंभीर वा अपरिवर्तनीय हानीचा धोका असल्यास पूर्ण शास्त्रीय निश्चिततेच्या अभावी उपाययोजना लांबणीवर टाकू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या जलवायुमान बदलविषयक करारात स्वीकारण्यात आले आहे.