मिठाच्या वसुलीदाराचा कालवा

दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यु मिदी बघायला जाणारे बरेच लोक थेट होडीत जाऊन बसतात. भाड्याच्या हाऊसबोटीला तिथं परवाना लागत नाही. थोडा वेळ सुकाणू कसं धरायचं ते शिकवतात आणि दोरी सोडून देतात. ताशी 8 किलोमीटरपेक्षा जोरात जायची मुभा नाही, त्यामुळे काठावरून चालणारी आजीबाईसुद्धा कधीकधी आपल्या बरोबरीनं येते. मजा आहे, नाही असं नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की या कालव्याची सुरुवात होडीतून करू नये. आधी डोंगरात जावं, कालव्याचं पाणी जिथून येतं तिथं.

इतिहास एका दमात उरकतो. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र देशातल्या देशात जोडले, तर जहाजांचा स्पेनभोवतीचा वळसा वाचेल, ही कल्पना जुनीच. 1666 मध्ये चौदाव्या लुईनं हुकूम काढला, त्याचा मंत्री कोल्बेर पाठीशी राहिला आणि 1681 मध्ये कालवा खुला झाला. तुलूझपासून कालवा भूमध्यकाठच्या ‘तो’ नावाच्या खाडीपर्यंत जवळपास 240 किलोमीटर जातो. तुलूझच्या पश्चिमेला अटलांटिकपर्यंत गारोन नदी होतीच. ऐन भरात 12,000 माणसं कामावर होती, त्यांत बायकाही पुष्कळ. एकोणिसाव्या शतकात शेजारून रेल्वे आली आणि कालव्याचा धंदा बसला. 1996 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. झालं.

आता मुद्द्याचं. हा कालवा सपाटीवरून जात नाही, एक उंचवटा ओलांडतो. नोरूज नावाची ती जागा समुद्रसपाटीपासून 189 मीटरवर आहे. पावसाचं पाणी तिथं दोन वाटांना लागतं: पश्चिमेचं अटलांटिककडे, पूर्वेचं भूमध्य समुद्राकडे. महाबळेश्वरी एका अंगाची कृष्णा पूर्वेला आणि दुसऱ्या अंगाची सावित्री कोकणात उतरते, तसाच प्रकार. फक्त इथं कडा नाही, दरी नाही, नुसती गव्हाची आणि सूर्यफुलांची शेतं. होडी चढवायला-उतरवायला लॉक असतात, म्हणजे दोन दारांमधली पाण्याची कोठी. होडी माथा ओलांडून जाते तेव्हा प्रत्येक बाजूला कोठीभर पाणी खाली निघून जातं, आणि ते परत वर येत नाही. म्हणून माथ्यावर बारमाही पाणी हवं. आधीच्या सगळ्या योजना इथंच अडकल्या होत्या.

हे कोडं सोडवलं पिएर-पॉल रिके या गृहस्थानं. तो अभियंता नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा होता. वसुलीच्या निमित्तानं त्यानं हा मुलूख पायाखाली घातला होता. उत्तरेकडच्या मोंतान्य न्वार डोंगरात पाऊस भरपूर पडतो. अल्झो, व्हेर्नासोन, लांपी, सोर अशा ओढ्यांचं पाणी वाटेत अडवून, पाटानं कडेकडेनं उतरवत नोरूजला आणायचं, ही त्याची योजना. रेव्हेल गावचा पिएर कांपमास नावाचा कारंजी-नळ सांभाळणारा माणूस त्याच्या मदतीला होता. डोंगरातल्या पाण्याची नस त्याला ठाऊक. रिकेनं आपल्या बोंरपोच्या वाड्याच्या बागेत लहान प्रमाणावर प्रयोग केले आणि 1665 मध्ये चाचणीचा पाट खणून पाणी खरोखर नोरूजपर्यंत आणून दाखवलं. कागदावर नकाशे सगळेच काढतात. यानं आधी पाणी दाखवलं आणि मग राजाकडून मंजुरी घेतली.

हे पाट आजही वाहतात, आणि त्यांच्या काठानं चालणं हा माझ्या लेखी दक्षिण फ्रान्समधला सगळ्यात सुंदर उद्योग आहे. वरचा पाट अल्झोच्या बांधापासून ले कामाझपर्यंत बीच झाडांच्या दाट जंगलातून जातो. उतार इतका कमी की पाणी कुठल्या दिशेला चाललंय हे कळायला पान टाकून बघावं लागतं. ले कामाझला एका बोगद्यातून पाणी डोंगर ओलांडतं. किल्ले बांधणाऱ्या व्होबांनं रिकेच्या पश्चात ही भर घातली. आम्ही नवराबायको चालत होतो तेव्हा फावड्यानं पाटातला पाला काढणाऱ्या एका माणसानं विचारलं, कुठं निघालात? पाणी जाईल तिकडं, म्हटलं. त्यानं पुढच्या वाटेत बसायला सावली कुठं आहे ते सविस्तर सांगितलं आणि पुन्हा फावडं उचललं.

खाली सां-फेरेओलचं धरण. 1667 ते 1672 या काळात बांधलेलं, तीन समांतर दगडी भिंती आणि त्यांच्या मध्ये माती. साठा साठ लाख घनमीटरांच्या वर. माणसांनी टोपल्यांनी माती वाहून हे उभं केलं आहे, हे बांधावर उभं राहिल्यावरही पटत नाही. आज या तलावात लोक पोहतात, शिडाच्या होड्या चालवतात. बांधाखालच्या बागेत जवळजवळ 20 मीटर उंच कारंजं उडतं, तेही पंपाशिवाय, निव्वळ वरच्या पाण्याच्या दाबावर. शनिवारी गेलात तर जवळच्या रेव्हेलचा आठवडी बाजार चुकवू नका. चौदाव्या शतकातल्या लाकडी छपराखाली तो अजून भरतो.

माझ्या हट्टाला एक भारदस्त साक्षीदार आहे. टॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, तेव्हा फ्रान्समधला अमेरिकी दूत. 1787 च्या मे महिन्यात तो या कालव्यातून गेला. आपल्या घोडागाडीची चाकं काढून त्यानं ती होडीवर ठेवली. बराचसा वेळ तो काठानं चालायचा, दमला की गाडीत बसायचा. पण कालव्याकाठच्या कास्तेलनोदारीला पोचल्यावर त्यानं होडी सोडली आणि सां-फेरेओल, लांपी बघायला डोंगरात गेला. पाण्याचा उगम बघितल्याशिवाय त्यालाही राहवलं नाही.

कास्तेलनोदारीचं नाव निघालंच आहे तर सांगतो, तिथली खासियत म्हणजे कासुले: पांढऱ्या घेवड्याचे दाणे, बदक आणि सॉसेज तासन्‌तास शिजवलेलं. शाकाहारी मंडळींनी मालकाला नुसते दाणे मागू नयेत. आम्ही मागितले, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुतकी कळा आली.

पूर्वेकडे बेझिएजवळ फोंसेरानच्या लॉकचा जिना आहे. त्याचे फोटो सगळीकडे दिसतात, म्हणून थोडक्यात आवरतो. पण कोठ्यांचा आकार नीट बघा: त्या लंबगोल आहेत. कालव्यावर सुरुवातीला लॉकना सरळ भिंती बांधल्या, त्यातली एक मातीच्या रेट्यानं कोसळली. कमान आडवी ठेवावी तशा भिंती वळवल्यावर रेटा पेलला. त्याहून थोडं पश्चिमेला मालपास, तिथं मात्र अर्धा दिवस द्या. 1679 मध्ये ठिसूळ टेकडी फोडून रिकेनं कालव्यासाठी बोगदा काढला. त्याच टेकडीत खाली रेल्वेचा बोगदा आहे आणि त्याच्याही खाली तेराव्या शतकातला, मोंतादीचं दलदलीचं तळं उपसण्यासाठी खणलेला. वरच्या एन्सेरूनच्या प्राचीन वसाहतीतून ते कोरडं झालेलं तळं दिसतं: एका मध्यबिंदूला येऊन मिळणारी त्रिकोणी शेतं.

काठाच्या झाडांबद्दल दोन शब्द. चिनाराच्या कुळातली ही प्लेन झाडं एकेकाळी सुमारे 42,000 होती आणि बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. 2006 मध्ये इथं एका बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये शिरली असं मानतात. औषध नाही, झाड तोडून जाळावं लागतं. हजारो झाडं गेली, त्यांच्या जागी आता वेगवेगळ्या जाती लावतात. पर्यटक हळहळतात, पण एकाच जातीची रांग लावायची खोड मोडली हे मला बरंच वाटतं.

जायचं असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर. हिवाळ्यात लॉक बंद असतात. होडी नको असेल तर सायकल घ्या. तुलूझपासून पहिले 50 किलोमीटर डांबरी वाट आहे, पुढे बऱ्याच ठिकाणी माती, खडी आणि मुळं. तुलूझहून निघून पूर्वेला जा, कारण वायव्येचा सेर वारा पाठीवर येतो. समोरून ओतां वारा सुटला तर मर्दुमकी दाखवू नका: रेल्वे कालव्याच्या शेजारूनच जाते आणि प्रादेशिक गाड्यांत सायकल चढवता येते. ज्या रेल्वेनं कालव्याचं पोट मारलं, तीच आज त्याच्याकडे माणसं आणून सोडते. रिके मात्र कालवा खुला होण्याआधी काही महिने, 1680 मध्ये गेला, डोक्यावर कर्ज ठेवून. तेव्हा नोरूजला थांबून त्याच्या स्मारकाला नमस्कार करा, आणि तुलूझ सोडण्याआधी एक दिवस डोंगरासाठी राखा.