महापूर मोजावा कसा?

सांगलीस आयर्विन पुलाशीं पाणी ४० फुटांवर आलें कीं इशारा आणि ४५ फुटांवर गेलें कीं धोका, हें कृष्णाकांठच्या शेतकऱ्यांस पाठ आहे. सन २००५ सालीं तेथें पाणी सुमारें ५४ फुटांपर्यंत चढलें. ती रेघ शेवटची मानून पुष्कळांनीं धान्य व कडबा तिच्या किंचित् वर रचिला. आणि सन २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें.

आम्हांस येथें सांगावयाचें तें हें कीं, पट्टीवरील आंकडा ही पाण्याची उंची होय, पाण्याचें मान नव्हे. पात्राचें आडवें क्षेत्र चौरस फुटांत काढून त्यास सरासरी वेगानें गुणिलें म्हणजे सेकंदास किती घनफूट पाणी वाहतें तें निघतें. यासच क्यूसेक म्हणतात. एक क्यूसेक पाणी अहोरात्र सांठविल्यास सुमारें दोन एकर जमीन फूटभर बुडते. उंचीवरून मान नेहमींच कळतें असें नाहीं. नरसोबाच्या वाडीस पंचगंगा कृष्णेस मिळते. कृष्णा तुडुंब असली म्हणजे पंचगंगेचें पाणी मागें तुंबतें, आणि प्रवाह मंद असूनही उंची वाढतच जाते.

‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दानेंही घोटाळा होतो. एकदां आला म्हणजे शंभर वर्षें निर्धास्त, असा त्याचा अर्थ नव्हे. दरसाल शंभरांत एक संभव, एवढाच अर्थ. तीस वर्षांत तो निदान एकदां येण्याचा संभव शेंकडा २६ पडतो. २०१९ नंतर दोनच वर्षांनीं, २०२१ च्या जुलैंत, सांगलीस पाणी पुन्हां ५० फुटांपलीकडे गेलेंच.

ऐन महापुरांत ओंडके वाहत असतां नाव घालून वेग मोजणें दुरापास्त. म्हणून इंजिनियर लोक पूर ओसरल्यावर कांठच्या खुणांवरून पाण्याचा उतार व छेद काढतात, आणि पात्रांतील झाडोरा पाहून वेग अजमावतात. सारा हिशेब आपल्या भिंतीवरील गाळाच्या रेघेवर! बुडिताचे पंचनामे आम्ही नोकरींत असतां पुष्कळ लिहिले. त्यांत गट नंबर, क्षेत्र, पीक सर्व असे, पाणी किती चढलें यास मात्र रकाना नसे. तेव्हां ही नोंद शेतकऱ्यानेंच ठेवावी. रेघ पावसानें धुतली जाण्यापूर्वीं दगडी भिंतीवर छिन्नीनें खूण करून तारीख घालावी. बाहेरच्या भिंतीवर लाटा उसळतात. घरांतील रेघ अधिक खरी, कारण तेथें पाणी संथ असतें. एका गांवची खूण पुरत नाहीं. वरच्या व खालच्या गांवचीही पाहिजे, एरव्हीं उतार निघत नाहीं.