कोरड्या नाल्यावरचा पूल

मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ या नॅरोगेज रेल्वेची वाट ११३ किलोमीटरांची. नाल्या-ओढ्यांवरच्या लहान गर्डर पुलांनी ती जोडून धरली आहे. दोन काठांवर दगडी बांधकाम, त्यावर लोखंडी तुळया, तुळयांवर थेट स्लीपर आणि त्यांवर अडीच फुटांच्या अंतराने दोन रूळ. पुलावर खडी नाही. फटींतून खाली पाहिलं तर उन्हाळ्यात वाळू आणि बेशरमाची झुडपं दिसतात.

मग एवढा खटाटोप कशासाठी? वऱ्हाडातला नाला वर्षातला बराच काळ कोरडा असतो, पण श्रावणात एका जोरदार सरीत दुथडी भरतो आणि झाडांचे ओंडके, काडीकचरा घेऊन येतो. भरावात नुसते नळ टाकले, तर ते तुंबतात आणि भरावच वाहून जातो. गर्डर पाण्याची वाट मोकळी ठेवतो. शिवाय माती काळी. कपाशीला मानवणारी ही माती गवंड्याला छळते: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागतो.

जुन्या तुळयांची खरी करामत रिव्हेटमध्ये आहे. तो लालबुंद तापवून भोकात घालायचा आणि दुसरं टोक ठोकून डोकं बसवायचं. थंड होताना तो आकसतो आणि पत्रे करकचून आवळतो. तपासणारा माणूस एका बाजूला बोट टेकवून दुसरीकडून हातोडीचा ठोका देतो. सैल रिव्हेट बोटाला लगेच कळतो. उन्हाचाही हिशेब ठेवलेला असतो. दहा मीटरची तुळई तापमानातल्या चाळीस अंशांच्या फरकाने साधारण पाच मिलिमीटर लांबते, म्हणून तिचं एक टोक सरकतं ठेवतात.

किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाईन टाकली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मार्गाला लावण्यासाठी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. त्यानंतर डिझेल आलं. आता ती गाडीही बंद आहे.

ही लाईन ब्रॉडगेज करण्याची मागणी रास्तच आहे. पण त्या अवजड गाड्या या तुळयांना पेलणार नाहीत, तेव्हा तुळया भंगारात जाण्याआधी निदान एक पूल मोजून, त्याचा नकाशा काढून जागेवर राखावा, असं मला कळकळीने वाटतं. एखाद्या शाळेतल्या पोरांना त्या रिव्हेटवर बोट टेकवून पाहता यावं.