त्याच वाटेने आलेला कार्यकर्ता

व्यसनमुक्तीच्या उपचारव्यवस्थेत डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते यांच्या बरोबरीने आणखी एक माणूस काम करीत असतो. त्याच्याकडे वैद्यकाची पदवी नसते, अनेकदा महाविद्यालयीन शिक्षणही पुरे झालेले नसते. परंतु त्याने स्वतः दारू, गर्द किंवा अन्य अमली पदार्थांच्या व्यसनाचा तळ पाहिलेला असतो आणि त्यातून बाहेर येऊन काही वर्षे निर्व्यसनी राहून दाखवलेले असते. शासकीय योजनांमध्ये त्याला ‘पीअर एज्युकेटर’ म्हणतात, पाश्चात्त्य देशांत ‘पीअर सपोर्ट वर्कर’ किंवा ‘रिकव्हरी कोच’ अशी पदनामे आहेत, तर महाराष्ट्रातील केंद्रांत तो बहुधा ‘व्यसनमुक्त कार्यकर्ता’ या साध्या नावाने ओळखला जातो. त्याचे काम म्हणजे स्वतःची कहाणी सांगणे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज अपुरा आहे, आणि या कामाची आजवर जी उपेक्षा झाली तिचे मूळही बऱ्याच अंशी त्यातच आहे.

या कामामागील मूळ कल्पना 1935 साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात आकाराला आली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातील मनुष्य त्याआधी काही महिने दारूपासून दूर होता आणि त्या काळात तो अनेक मद्यपींना उपदेश करीत फिरला होता. त्यांपैकी कोणाचीही दारू सुटली नाही, मात्र त्याची स्वतःची सुटलेली राहिली. अ‍ॅक्रनमध्ये एका व्यवहारात अपयश आल्यावर पिण्याची ओढ अनावर होऊ लागली, तेव्हा त्याने एखाद्या मद्यपीचा शोध घेतला, आणि तोही त्या मद्यपीला सुधारण्यासाठी नव्हे, तर स्वतःला सावरण्यासाठी. त्याची गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी, जो स्वतः दारूच्या आहारी गेलेला होता. डॉ. स्मिथ यांनी 10 जून 1935 रोजी अखेरचा प्याला घेतला आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (‘एए’) या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. मदत करणाऱ्यालाही मदत करण्यातून बळ मिळते, हे या भेटीतून व्यवहारात दिसले. पुढे 1965 मध्ये फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञाने त्याची सिद्धान्त म्हणून मांडणी केली.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘एए’मधील ‘स्पॉन्सर’, म्हणजे नवागताचा हात धरणारा जुना सभासद, वेतन घेत नाही, कोणत्याही रुग्णालयाला बांधील नसतो आणि त्याची नोंदवही नसते. व्यसनमुक्त कार्यकर्ता मात्र उपचार करणाऱ्या चमूचा घटक असतो, तो पगार घेतो, प्रशिक्षण घेतो, नोंदी लिहितो आणि वरिष्ठांना उत्तरदायी असतो. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांना रुग्णालयाच्या सेवेत रीतसर घेण्याचा प्रयोग 1950च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला आणि तेथून तो जगभर पसरला. भारतात ‘एए’चे काम मुंबईत 1957 साली सुरू झाले, 1980 मध्ये शांती रंगनाथन यांनी चेन्नईत आणि 1981 मध्ये फादर जोसेफ परेरा यांनी मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’च्या रूपाने व्यसनमुक्तीच्या कामाचा पाया घातला.

मराठी वाचकाला या परंपरेचे सर्वांत जवळचे रूप पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दिसते. 1980च्या दशकात गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, व्यसनाने शहरांतील तरुण पोरे ओढली जात असताना अनिल अवचट यांनी त्याविषयी वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र उभे राहिले. त्याची घडण केली ती मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. येथे दाखल होणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हटले जाते, आणि बरे झालेले अनेक रुग्णमित्र पुढे तेथेच कार्यकर्ते म्हणून रुजू झाले. केंद्राचा दैनंदिन कारभार सांभाळणाऱ्यांत अशा माणसांचा वाटा मोठा आहे. डॉ. अनिता अवचट यांचे 1997 मध्ये निधन झाले, तरी ही पद्धत टिकली; त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ती पुढे चालवली. ज्याच्यावर घरच्यांनी विश्वास ठेवणे सोडून दिले होते त्याच्या हाती केंद्राच्या किल्ल्या देणे, हा उपचारशास्त्रातला एक धाडसी निर्णय होता आणि तो योग्य ठरला, असे म्हणण्यास आज पुरेसा आधार आहे.

कार्यकर्त्याचे काम प्रवेशाच्या खोलीपासूनच सुरू होते. तेथे येणारा माणूस बहुधा स्वतःहून आलेला नसतो; बायकोने, भावाने किंवा मालकाने त्याला आणलेले असते आणि तो अंगातले उरलेसुरले बळ एकवटून सांगत असतो की, ‘माझं काही एवढं नाही, मनात आणलं तर उद्या सोडीन.’ व्यसनाच्या अभ्यासात या वृत्तीला ‘नकार’ म्हणतात. म्हणजे समोर दिसणारी हानीही स्वतःची म्हणून मान्य न करणे. डॉक्टरने यकृताचा अहवाल दाखवला, तर या नकाराला आणखी धार येते. जाणता कार्यकर्ता वाद घालत नाही. तो एवढेच विचारतो, ‘काका, याआधी कधी सोडली होती? किती दिवस राहिलात?’ या प्रश्नात आरोप नसतो, परंतु त्याचे उत्तर देताना माणसाला स्वतःचेच हिशोब स्वतःपुढे मांडावे लागतात. आणि विचारणारा स्वतः त्या हिशोबातून गेलेला असल्यामुळे उत्तरात खोटे मिसळण्याची गरजही हळूहळू कमी होत जाते. उसनवारी, गहाण पडलेले मंगळसूत्र, न्हाणीघरात लपवलेली क्वार्टर, रजेच्या अर्जावरचे आजोबांचे तिसऱ्यांदा झालेले निधन, यातले काहीही ऐकून ज्याच्या भुवया वर जात नाहीत अशा माणसासमोर लाज थोडी सैल होते.

त्यानंतरचे दिवस शरीराचे असतात. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवली की काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. काहींना झटके येतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थता यांची अवस्था उद्भवू शकते, जी वेळेवर उपचार न झाल्यास जिवावर बेतते. गर्द घेणाऱ्याची ‘टर्की’, म्हणजे पदार्थ बंद झाल्यावरची कळ, वेगळी असते: नाका-डोळ्यांतून पाणी, जांभया, जुलाब आणि हाडांत शिरलेली वेदना, ती सहसा प्राणघातक नसते, पण ती सोसणाऱ्याला मरणच बरे वाटते. या काळात औषध ठरविणे हे डॉक्टरचे काम आहे, आणि कार्यकर्त्याने त्यात हात घालता कामा नये. त्याच्या वाट्याला येते ते जवळ बसणे आणि लक्ष ठेवणे. थरथरत्या हातांच्या माणसाला चहाचा पेला अर्धाच भरून द्यावा, म्हणजे तो सांडत नाही आणि सर्वांसमोर त्याची फजिती होत नाही, हे असल्या कार्यकर्त्याला कोणी शिकवावे लागत नाही. रात्री तीन वाजता ‘भिंतीवर मुंग्या चालताहेत’ असे रुग्ण म्हणू लागला तर त्याची समजूत घालत न बसता लगेच परिचारिकेला उठवावे, हे मात्र शिकवावेच लागते. अनुभव आणि प्रशिक्षण यांची सीमा कोठे आहे, हे या दोन उदाहरणांवरून कळावे.

शरीर सावरल्यावर गटसभा सुरू होतात. खुर्च्यांचे वर्तुळ, नाव सांगून व्यसनाची उघड कबुली, मग एकेकाचे ‘शेअरिंग’ अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. याच ठिकाणी कार्यकर्त्याच्या कौशल्याची खरी कसोटी लागते, कारण त्याच्याकडे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे त्याची स्वतःची हकीकत असते आणि तेच साधन सर्वाधिक गैरवापराचे असते. नवखा कार्यकर्ता बोलू लागला की थांबत नाही. त्याची कहाणी रंगते, श्रोते भारावतात आणि ज्याच्यासाठी सभा भरली तो कोपऱ्यात गप्प बसून राहतो. मुरलेला कार्यकर्ता दोन-तीन वाक्यांत स्वतःचे सांगतो आणि बोलण्याचा धागा पुन्हा रुग्णाच्या हाती देतो. आपण किती प्यालो, हे तो फारसे सांगत नाही, कारण ऐकणारा लगेच तुलना करून ‘मी तर याच्या निम्मीही घेत नाही’ असा सोयीचा निष्कर्ष काढतो. पहिल्या पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी गेलो, हे तो सांगतो, कारण त्याचा ऐकणाऱ्याला उद्या उपयोग होणार असतो. जखम पुरती भरलेली नसेल तो प्रसंग तो सांगतच नाही. अनुभव हा येथे कच्चा माल आहे आणि तो केव्हा वापरू नये हे कळणे म्हणजे या कामातले प्रावीण्य होय.

मुक्तांगणसारख्या केंद्रातील निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचा असतो, आणि त्यानंतर माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच बारसमोरच्या बसथांब्यावर परत जातो. म्हणून या कार्यकर्त्याचे बरेचसे महत्त्वाचे काम केंद्राबाहेर, पाठपुराव्यात, घडते. त्याच्या डोक्यात महाराष्ट्राचे एक वेगळेच पंचांग असते. श्रावणापूर्वीची गटारी, गणपती विसर्जनाची मिरवणूक, धुळवड, 31 डिसेंबर, गावची जत्रा, लग्नाआधीची हळद आणि बोनसचा दिवस या तिथ्या त्याच्या लेखी धोक्याच्या असतात, आणि त्या येण्याआधीच तो फोन करतो: कुठे जाणार, सोबत कोण, किती वाजता परतणार, आणि कुणी ग्लास पुढे केला तर काय म्हणणार. ही शेवटची उत्तरे अक्षरशः घोकून घ्यावी लागतात, कारण ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ एवढे साधे वाक्यही ऐन वेळी तोंडातून फुटत नाही. गर्द किंवा इंजेक्शनचे व्यसन असलेल्याला एक गोष्ट निक्षून सांगावी लागते: काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती घटते, त्यामुळे पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. आणि माणूस घसरला, तर त्याने सर्वप्रथम ज्याला फोन करावा असा मनुष्य कार्यकर्ताच असला पाहिजे; म्हणून घसरणीची बातमी ऐकताना त्याच्या आवाजात निराशा उमटून चालत नाही.

या सर्वांचा परिणाम मोजता येतो काय, हा प्रश्न रास्त आहे. ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये ‘एए’ आणि त्यावर आधारित उपचारांच्या 27 अभ्यासांची छाननी केली, तेव्हा सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत हे उपचार अन्य प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे आणि काही बाबतींत सरस ठरले. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत व्यावसायिक पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून धोकादायक पातळीवर दारू पिणाऱ्या पुरुषांना मोजक्या भेटींचे समुपदेशन दिले आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर त्यांच्यातील सुमारे 36 टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले, तर नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे 26 टक्के होते. हे समुपदेशक व्यसनातून आलेले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यामुळे पदवीवाचूनही हे काम नेटके होऊ शकते एवढेच त्यातून सिद्ध होते. पगारी व्यसनमुक्त कार्यकर्त्यांविषयी इतक्या काटेकोर अभ्यासांची अजून वाण आहे, आणि ते भारतातच व्हायला हवेत.

या कामाचे धोके झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दिवसभर दारूविषयीच ऐकणाऱ्या माणसाची स्वतःची ओढ जागी होऊ शकते. कार्यकर्ता पुन्हा प्यायला लागला, तर त्याच्यासोबत त्याच्यावर विसंबलेले दहा जण हादरतात. नोकरी म्हणजेच आपला उपचार, अशी समजूत करून घेणारे सर्वाधिक जोखमीत असतात, म्हणून स्वतःच्या सभा, स्वतःचा सल्लागार आणि ठरावीक रजा या गोष्टी त्यांच्यासाठी सक्तीच्या असाव्यात. उलट दिशेचा दोषही आढळतो. ‘मी सोडली, मग तू का नाही?’ हा भाव बळावला की मदतीचे रूपांतर हुकमतीत होते, आणि काही ठिकाणी बांधून ठेवणे, मारहाण करणे असे प्रकार उपचाराच्या नावाखाली चालतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला असून अशा रुग्णाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण दिले आहे. प्रत्येक कार्यकर्त्याच्या प्रशिक्षणाची सुरुवात याच कायद्याने झाली पाहिजे. स्त्रियांच्या बाबतीत तर कार्यकर्त्यांची उणीवच आहे. व्यसनी स्त्रीला घरातून आणि समाजातून मिळणारी दूषणे इतकी तीव्र असतात की बरी झाल्यावर तिने उघडपणे या कामात यावे, अशी अपेक्षा करणेही कठीण. मुक्तांगणचा ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा विभाग म्हणूनच मोलाचा आहे.

गरज किती मोठी आहे ते अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसते. देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, त्यांपैकी 5.7 कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी केवळ एकाला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाला आहे. मनोविकारतज्ज्ञांची संख्या वाढवून ही दरी नजीकच्या काळात भरणे शक्य नाही. व्यसनातून बाहेर आलेली माणसे मात्र जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहेत. शासनाच्या योजनांत त्यांच्यासाठी पदे आहेत, परंतु मानधन तुटपुंजे, बढतीचा मार्ग नाही आणि देखरेख बहुतेक नावापुरती, अशी स्थिती असल्याने चांगली माणसे दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातात. या पदाला निश्चित वेतनश्रेणी, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि अनुभवी समुपदेशकाची नियमित देखरेख मिळाली पाहिजे, आणि जिल्हा रुग्णालयांच्या व्यसनमुक्ती विभागांपासून त्याची सुरुवात करता येण्यासारखी आहे. घरात कोणी व्यसनाशी झगडत असेल, तर शासनाच्या 14446 या मदत क्रमांकावर आजच फोन करावा, आणि केंद्र निवडताना तेथे असा कार्यकर्ता आहे काय, हे अवश्य विचारावे.