धाराशिवच्या सार्वकालिक नऊजणी
फुटबॉल क्लबाचे चाहते आजवरच्या खेळाडूंतून सर्वश्रेष्ठ अकरा निवडतात. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या मुलखात, जिथे खो-खोचाच मान मोठा, ती निवड मैदानात उतरणाऱ्या नऊजणींची करावी लागेल. आक्रमणात आठजणी आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववी धावते. संरक्षणात मात्र त्याच नऊजणी तिघीतिघींच्या तुकड्यांनी आत येतात. म्हणून केवळ खांबावर झेपावणाऱ्या आक्रमकांवर भाळून केलेली यादी, माझ्या मते, मंजूर होण्याजोगी नाही. दमसासाने साखळी खेळणारी संरक्षक तीत हवीच. कर्णधारपद मात्र निर्विवाद: २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची धुरा वाहिलेल्या, २०२० साली अर्जुन पुरस्काराने गौरविलेल्या सारिका काळे यांचे नाव दफ्तरी प्रथम लिहावे.