सुट्टीत इमॅजिका : सातारा-सांगलीकरांसाठी

कुठे : खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुका, जि. रायगड. थीम पार्क २०१३ पासून, वॉटर पार्क २०१४ पासून. दोन्ही एकाच दिवसात उरकायचा हट्ट नको. एकही धड होत नाही.

अंतर : पुणेमार्गे साताऱ्याहून १९० किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून तीनशेच्या वर. सातारकरांनी पहाटे निघावे; सांगलीकरांनी आदल्या रात्री पुणे, लोणावळा किंवा खोपोलीत मुक्काम करावा.

गर्दी केव्हा : दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार. मंगळवार ते गुरुवार त्यातल्या त्यात बरे.

रस्ता : खंबाटकी आणि खंडाळा, दोन्ही घाट सुट्टीत तुंबतात. रविवारी संध्याकाळी परतीला निघणे टाळा.

रेल्वे : कोल्हापूर-मुंबई कोयना एक्स्प्रेस सांगली, कराड, सातारा, पुणे करत लोणावळ्याला पोहोचते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. सुट्टीच्या तारखा ठरताच काढा.

आत गेल्यावर : ‘नायट्रो’सारख्या मोठ्या राइडची रांग सकाळी दार उघडताच गाठा. दुपारी उन्हात बंदिस्त खेळ पाहा. अनेक राइडना किमान उंचीची अट असते. धाकट्याची उंची घरीच मोजून घ्या, म्हणजे रांगेच्या टोकाला रडारड होत नाही. वॉटर पार्कसाठी नायलॉनचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत.

आजी-आजोबा सोबत असतील तर : सांगलीहून कोल्हापूरजवळचे कणेरी मठाचे सिद्धगिरी म्युझियम जवळ पडते. गावगाड्याचे शिल्परूप तिथे तिन्ही पिढ्यांना रमवते.